सेहेचाळीस मोड, एक्केचाळीस मोड

पत्र: मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ७१. चाळीस वर्षं माळ आहे, हरिपाठ चुकत नाही. अकरावी सायन्सला असलेला नातू एक दिवस म्हणाला, "आबा, देव असेल तर प्रयोगाने सिद्ध करून दाखवा." म्हटलं, दाखवतो. दोन ताटल्यांत पन्नास-पन्नास मूग घेतले. एक ताटली देवघरात ठेवून तिच्यापुढे रोज संध्याकाळी हरिपाठ म्हटला, दुसरी मागच्या खोलीत ठेवली. तिसऱ्या दिवशी मोजले, तर हरिपाठाच्या ताटलीत ४६ मुगांना मोड, दुसरीत ४१. मला भरून आलं. नातू म्हणतो, "याला काही अर्थ नाही." दोन दिवस आमच्यात अबोला आहे. शिवाय माझ्या धाकट्या भावाला डॉक्टरांनी बायपास सांगितली आहे. प्रार्थनेने हृदयरोगी बरे होतात हे अमेरिकेत सिद्ध झालं, असा मेसेज आल्यापासून तो "आषाढीनंतर बघू" म्हणतोय. विज्ञानाने देव सिद्ध होतो की नाही, ते एकदा स्पष्ट सांगा.
एक वाचक, जि. सांगली

गुरुजी, रामकृष्णहरी.

प्रश्न तुम्ही मुगाचा विचारलाय, पण पत्रातली घाईची गोष्ट भावाची आहे. म्हणून आधी तीच घेतो.

असे मेसेज फिरतात ते बऱ्याचदा १९८८ साली छापून आलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एका अभ्यासावरून. तिथल्या रुग्णालयाच्या हृदयरोग विभागातले ३९३ रुग्ण घेतले होते. त्यांतल्या १९२ जणांसाठी रुग्णालयाबाहेरच्या श्रद्धाळू ख्रिस्ती मंडळींनी प्रार्थना केली, उरलेल्या २०१ जणांसाठी केली नाही. मग पंचवीसहून जास्त बाबी तपासल्या. सहा बाबींत प्रार्थनेचा गट थोडा बरा निघाला: अँटिबायोटिक कमी लागलं, व्हेंटिलेटर कमी लागला, असं. पण किती जण दगावले आणि किती दिवस रुग्णालयात राहावं लागलं, या दोन्हींत फरक नव्हता. मेसेजमध्ये ते सहा मुद्दे येतात आणि हे दोन गळतात.

इतक्या बाबी तपासल्या की काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. "असा फरक नुसत्या योगायोगाने वीसात एकदाच येईल" ही संशोधनातली नेहमीची फूटपट्टी. तीच फूटपट्टी वीस वेगवेगळ्या गोष्टींना लावली, तर त्यांतली निदान एक तरी निव्वळ योगायोगाने "यशस्वी" दिसण्याची शक्यता ६४ टक्के होते. म्हणजे पुरेसे खडे मारले की एखादी कैरी पडतेच. काय मोजणार आणि कशाला यश म्हणणार हे आधी लिहून ठेवायचं, ते याचसाठी.

ते लिहून ठेवून केलेला मोठा अभ्यास २००६ साली आला. अमेरिकेतली सहा रुग्णालयं, बायपासचे १८०२ रुग्ण. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन त्याचे प्रमुख होते, आणि पैसा मुख्यतः टेम्पल्टन फाउंडेशनचा होता, म्हणजे धर्म आणि विज्ञान यांचा सांधा जुळावा असं वाटणाऱ्यांचाच. रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या दोघांना सांगितलं, "तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही." त्यांतल्या एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला "तुमच्यासाठी नक्की होणार" असं सांगून केली. तीन ख्रिस्ती प्रार्थना-गट शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस ठरलेलं एक वाक्य प्रार्थनेत म्हणत होते. नंतरच्या तीस दिवसांत गुंतागुंत किती जणांना झाली? प्रार्थना झालेल्या पहिल्या गटात ५२ टक्के, न झालेल्यात ५१ टक्के. आणि आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना माहीत होतं, त्यांच्यात ५९ टक्के! हा शेवटचा आकडा योगायोगाचा असू शकतो, असं संशोधकांनीच म्हटलं. "माझी तब्येत इतकी बिघडलीय की प्रार्थनेची माणसं बोलवावी लागली?" अशी धास्ती रुग्णाने घेतली असेल, असाही एक तर्क आहे. तो तर्कच.

गुरुजी, भावाला सांगायचं ते याच अभ्यासात आहे: तिन्ही गटांतल्या सगळ्यांना बायपासच सांगितलेली होती. प्रार्थना शस्त्रक्रियेच्या जोडीला होती, शस्त्रक्रियेऐवजी कोणासाठीच नव्हती. तेव्हा "बायपास लांबवून प्रार्थना करावी" याला या सगळ्या खटाटोपात कुठेही आधार नाही, १९८८ च्या अभ्यासातही नाही. उद्याच भावाला घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. डाव्या मुख्य धमनीत अडथळा आहे का? जास्तीत जास्त किती दिवस थांबलेलं चालेल? कोणती लक्षणं दिसली तर त्याच क्षणी निघायचं? वारीत चालायचा बेत असेल तर तोही तिथेच बोला, वाखरीला पोचल्यावर नको. चालू गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. बसल्याजागी छातीत दुखू लागलं किंवा दरदरून घाम फुटला तर १०८ ला फोन करायचा. हरिपाठ शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीही म्हणता येतो आणि दुसऱ्या दिवशीही.

आता मूग.

तुमच्या शंभर मुगांपैकी ८७ उगवले, १३ उगवले नाहीत. हे तेरा दोन ताटल्यांत ४ आणि ९ असे वाटले गेले. हरिपाठाचा काहीही परिणाम नसता तर असं वाटप किती वेळा होईल, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर बीजगणिताशिवाय काढता येतं. एकाच आकाराचे ८७ पांढरे आणि १३ लाल मणी घ्या. आकार सारखाच हवा, नाहीतर बोटांना कळतं. पिशवीत घालून हलवा, न बघता पन्नास काढा, त्यांत लाल किती ते लिहा. मणी परत टाका, पुन्हा हलवा. असं शंभर वेळा करा. दोन संध्याकाळींचं काम आहे. लाल चार किंवा त्याहून कमी, अथवा नऊ किंवा त्याहून जास्त, असं शंभरातून सुमारे २३ वेळा येईल. म्हणजे जो फरक पाहून तुम्हाला भरून आलं, तो पिशवीतले मणीसुद्धा चार-पाच खेपांत एकदा दाखवतात. तेव्हा नातवाचा निकाल बरोबर होता. मात्र "याला अर्थ नाही" एवढं बोलून तो मोकळा झाला, हिशेब त्याने करून दाखवला नाही. तो त्याच्याकडून मागून घ्या.

आणि हा झाला ताटल्या तंतोतंत सारख्या होत्या असं धरून केलेला हिशेब. त्या सारख्या नव्हत्या. देवघरात समई असते, दार बंद असतं, माणूस अर्धा-पाऊण तास समोर बसून मोठ्याने म्हणतो. ऊब जास्त, हवेत ओल जास्त. मुगाला पंचवीस ते तीस अंशांची ऊब मानवते. मागची खोली दोन-तीन अंशांनी जरी गार असली, तरी मोड उशिरा येतात आणि तिसऱ्या दिवशी "आला नाही" म्हणून मोजले जातात. पाणी चमच्याने घातलं की ओंजळीने? ज्या ताटलीपुढे रोज बसतो तिच्यात कोरडं दिसलं की हात आपोआप जातो. शिवाय गणंग असतातच. रात्रभर भिजूनही टणक राहणारे ते दाणे एका ताटलीत दोन-तीन जास्त पडले तरी निकाल फिरतो. सगळ्यात मोठी गोम मोजणीत आहे. मोजणारे तुम्ही, आणि कोणती ताटली कोणती हे तुम्हाला ठाऊक. साल नुसती फाटलेला मूग हरिपाठाच्या ताटलीत "आला" वाटतो आणि मागच्या खोलीत "अजून नाही". यात लबाडी नसते, डोळाच तसा असतो. वर्गातल्या हुशार मुलाच्या पेपरात अर्धा मार्क कसा वाढतो, हे तुम्हाला सांगायला नको.

प्रयोग पुन्हा करायचा असेल तर असा करा. घरात चौघे तरी आहेत असं धरतो: तुम्ही, नातू, सूनबाई आणि आणखी कोणी.

एकाच पिशवीतले अख्खे, न किडलेले ५०० मूग घ्या. वजनाला वीस-पंचवीस ग्रॅम भरतील. सगळे एकाच भांड्यात आठ तास भिजवा. गणंग काढायचे तर आत्ताच, वाटणी करण्याआधी काढा आणि तेवढे नवे भिजलेले घाला. नंतर हात लावायचा नाही. एकसारख्या २० ताटल्या घ्या, प्रत्येकीत दुमडलेला कागदी रुमाल, त्यावर न निवडता २५ मूग, आणि सुई नसलेल्या सिरिंजने मोजून १५ मिली पाणी. चोवीस तासांनी प्रत्येकीत ५ मिली आणखी. ताटल्यांवर १ ते २० आकडे टाका आणि सगळ्या एकाच टेबलावर, एकाच खोलीत ठेवा. खिडकीकडची बाजू लवकर वाळते, म्हणून रोज सकाळी ओळी फिरवा.

वीस ताटल्या कशाला, दोनमध्ये अडीचशे-अडीचशे का नाहीत, असं नातू विचारेल. विचारू द्या, चांगला प्रश्न आहे. एका ताटलीतले सगळे मूग एकाच पाण्यात, एकाच बुरशीत राहतात. ताटली नासली तर अडीचशे दाणे एकदम नासतात, आणि तो फरक हरिपाठाच्या नावावर किंवा त्याच्या विरोधात जमा होतो. दोन ताटल्यांचा प्रयोग म्हणजे खरं तर दोनच नोंदींचा प्रयोग, मूग कितीही असोत. शाळा-कॉलेजांतल्या विज्ञान प्रदर्शनांत ही चूक सर्रास होते.

मग सूनबाईंनी वीस चिठ्ठ्या डब्यात टाकून दहा काढायच्या. ते दहा आकडे "हरिपाठाचे". यादी तुमच्याकडे द्यायची, तिची एक प्रत पाकिटात बंद करायची. तुम्ही देवघरात बसून त्या दहा ताटल्यांसाठी हरिपाठ म्हणा, पण टेबलाच्या खोलीत पाऊल टाकू नका. पाणी घालणं आणि मोजणं नातवाकडे; त्याला यादी माहीत नाही. "ताटली समोर नसेल तर म्हणण्याला काय अर्थ?" असं तुम्ही म्हणाल, तर तेही साधता येतं. सूनबाईंनी दहा ताटल्या देवघरात आणाव्यात, हरिपाठ झाला की नेऊन ठेवाव्यात, मग उरलेल्या दहा आणाव्यात. त्यांच्यापुढे तुम्ही तितकाच वेळ, तितक्याच आवाजात पाढे म्हणा. पावकी, निमकी, दिडकी सगळं चालेल. म्हणजे ऊब, ओल, आवाज, श्वास सारखे झाले आणि फरक उरला तो नामाचाच. नातवाने मात्र त्या वेळी घराबाहेर असावं.

मोजणी बरोबर ४८ तासांनी. मोड दोन मिलिमीटर किंवा जास्त असेल तरच "आला", शंका आली की "नाही". प्रत्येक ताटलीचा फोटो काढा. वीसही आकडे वहीत लिहून सह्या झाल्या की मगच पाकीट फोडायचं.

हिशेबाला या वेळी मण्यांऐवजी कार्डं. वीस ताटल्यांचे आकडे वीस कार्डांवर लिहा. खऱ्या वाटणीत हरिपाठाच्या दहांची बेरीज आणि बाकीच्या दहांची बेरीज यांत किती फरक आहे ते बाजूला नोंदवा. आता कार्डं पिसून दहा-दहा वाटा, बेरजांतला फरक लिहा, असं दोनशे वेळा. खऱ्या फरकाएवढा किंवा त्याहून मोठा फरक, कोणत्याही बाजूने, दोनशेत दहापेक्षा कमी वेळा आला तरच भुवया उंचावायच्या. नातू संगणकावर हे दहा हजार वेळा करून घेईल, आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम लागतो. पण निदान पहिल्या वीस खेपा हाताने करा, आकड्यावर विश्वास हातानेच बसतो. साधारण अंदाज म्हणून सांगतो: ताटल्या एकमेकींसारख्या वागल्या तर दोन बेरजांत पंधरा मुगांचा तरी फरक पडायला हवा. पाच-सात मुगांचा फरक निघाला तर तो काही सांगत नाही.

निकाल लागला तरी एकदाच करून थांबू नका. फूटपट्टी वीसात एकाची आहे, हे लक्षात ठेवा. वीस घरांनी हा प्रयोग केला तर, हरिपाठाचा काडीचाही परिणाम नसताना, त्यांतल्या एखाद्या घरात "फरक" निघेल. आणि मेसेज त्याच घरातून सुटेल. बाकीची एकोणीस घरं उसळ खाऊन गप्प बसतील.

अटी आधी ठरवणं किती मोलाचं असतं, याचा नमुना आपल्या पुण्यातच आहे. डॉ. जयंत नारळीकर, सांख्यिकीचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिकांमधून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पाठवल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. चाळीसात २८ बरोबर आले तर यश, ही रेघ आधीच आखलेली. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सर्वांत जास्त गुण २४, सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून पन्नास आले असते. रेघ आधी आखली नसती, तर २४ वाल्याचा सत्कार झाला असता.

आता तुमचा मूळ प्रश्न. समजा, हे सगळं नीट केलं आणि तरीही हरिपाठाच्या ताटल्यांत चाळीस मोड जास्त आले. देव सिद्ध झाला?

नाही झाला. एवढंच सिद्ध होईल की तुम्ही म्हटल्याने, अजून न कळलेल्या कारणाने, मुगाला मोड जास्त येतात. ते कारण पांडुरंग आहे, तुमच्या मनाची शक्ती आहे की आपल्या लक्षात न आलेली एखादी गळती आहे, हे ताटली सांगत नाही. उलट बाजूने बघा. २००६ च्या अभ्यासात प्रार्थना ख्रिस्ती मंडळींनी केली होती. ती यशस्वी झाली असती तर तुम्ही माळ उतरवून चर्चमध्ये गेला असता का? गेला नसता, आणि त्यात तुमचं काही चुकलं नसतं, कारण त्या आकड्यांमधून तेवढं निघतच नव्हतं. तसंच ती अयशस्वी झाली म्हणून "देव नाही" हेही निघत नाही. प्रयोगाला बटण दाबलं की दिवा लागणारी वस्तू लागते. ज्याच्याकडे मागितलेलं तो देईल, न देईल, उशिरा देईल, वेगळंच काही देईल, अशी ज्याची ख्याती, तो कोणत्याही निकालात बसतो. आणि जे कोणत्याही निकालात बसतं ते कोणत्याही निकालाने सिद्ध होत नाही. हे देवाला कमीपणा आणणारं वाक्य नाही, प्रयोगाची हद्द सांगणारं आहे.

गंमत म्हणजे मोडाचा हा वाद आपल्याकडे हजार वर्षांहून जुना आहे. न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, ईश्वराचं प्रसिद्ध अनुमान असं: "क्षित्यंकुरादिकं सकर्तृकं, कार्यत्वात्, घटवत्." पृथ्वी, अंकुर वगैरेंना कोणी कर्ता आहे, कारण ती कार्यं आहेत; जसा घडा. अंकुर म्हणजे तुमचा मोडच की! घड्याला कुंभार, तसा अंकुराला ईश्वर. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' हा अख्खा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठी लिहिला. त्यावरचे आक्षेपही तितकेच तिखट. बौद्ध पंडित धर्मकीर्तीने त्याच्या आधीच विचारलं होतं: घडा मातीचा आणि वारूळही मातीचंच, मग वारूळही कुंभाराने केलं म्हणायचं का? म्हणजे कुंभार घडा करताना आपण पाहिला आहे, पृथ्वी होताना कोणी पाहिली? मीमांसक कुमारिल भट्ट कट्टर वैदिक, पण जगाचा कर्ता ईश्वर त्यांना मान्य नव्हता. सांख्यसूत्रांत तर सरळ "ईश्वरासिद्धेः" असं सूत्र आहे: ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. आणि रामानुजाचार्य, ज्यांच्या भक्तीबद्दल कोणी शंका घेणार नाही, त्यांनी ब्रह्मसूत्राच्या "शास्त्रयोनित्वात्" या सूत्रावर लिहिताना नैयायिकांचं, म्हणजे न्यायशास्त्रवाल्यांचं, अनुमान खोडून काढलं. ईश्वर तर्काने हाती लागत नाही, तो शास्त्राने, म्हणजे वेद-उपनिषदांनी, कळतो, ही त्यांची भूमिका. तेव्हा "अनुमानाने देव सिद्ध होत नाही" असं म्हटल्याने कोणी नास्तिक होत नाही. असं म्हणणाऱ्यांत मोठमोठे आस्तिक आहेत. नातवाला हे सांगा, त्याला वाटतंय की हा प्रश्न त्यानेच पहिल्यांदा विचारला.

बाकीचे जे मेसेज तुम्हाला येत असतील, ते झटपट निकालात काढतो. आत्म्याचं वजन २१ ग्रॅम: १९०७ साली छापून आलेल्या प्रयोगांत अमेरिकेतल्या डॉक्टर डंकन मॅकडूगल यांनी सहा मरणासन्न रुग्णांची खाट तराजूवर ठेवली, दोघांच्या नोंदी त्यांनीच बाद केल्या, उरलेल्या चौघांच्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, आणि २१ ग्रॅम हा त्यांतल्या एकाच रुग्णाचा आकडा. गणपती दूध प्यायला तो २१ सप्टेंबर १९९५: चमचा सोंडेला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं, दुधात रंग घालून दाखवल्यावर ओघळ स्पष्ट दिसला. 'गॉड पार्टिकल': ४ जुलै २०१२ ला सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेने जाहीर केलेल्या हिग्ज बोसॉन या मूलकणाचं हे टोपणनाव भौतिकशास्त्रज्ञ लिऑन लेडरमन यांच्या पुस्तकाच्या नावावरून आलं, देवाशी त्याचा संबंध नाही. सर्नच्या आवारात नटराजाची मूर्ती आहे हे खरं, पण ती २००४ साली भारताने भेट दिलेली आहे, कोणत्या प्रयोगातून निघालेली नाही. संगणकाने देव सिद्ध केला, हे २०१३ चं: गणिती कुर्ट गोडेल यांनी लिहून ठेवलेल्या युक्तिवादाच्या पायऱ्या संगणकाने तपासल्या. पायऱ्या बरोबर असणं वेगळं आणि ज्या गृहीतांवर जिना उभा आहे ती खरी असणं वेगळं. पहिलं संगणक तपासतो, दुसरं तपासत नाही.

महास्फोटाचा मेसेज मात्र जरा थांबून बघण्यासारखा. विश्वाला सुरुवात आहे, म्हणजे निर्माता आहे, असा तो असतो. १९५१ साली पोप बारावे पायस यांनीही त्या अंगाने भाषण केलं होतं. आणि हा सिद्धांत मुळात मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक पाद्री! त्यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून अलिप्त आहे, असं त्यांचं मत होतं. आज देवाला एखाद्या सिद्धांताच्या खुंटीवर टांगलं आणि उद्या खुंटी बदलली, तर काय करायचं? सकाळी प्रार्थना आणि दुपारी समीकरणं करणाऱ्या माणसाला ही अडचण आपल्यापेक्षा लवकर कळली.

नातवाचंही एक चुकतं, ते त्याला वाचून दाखवा. "विज्ञानाने सिद्ध करा" म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे भूमितीतलं प्रमेय आहे. प्रयोगशास्त्र तसं सिद्ध करत नाही. ते चुकीच्या कल्पना एकेक करून बाद करतं आणि उरलेल्यांवर तात्पुरता भरवसा ठेवतं. "पुरावा मिळाला नाही म्हणजे नाही" हेही दरवेळी चालत नाही. माजघरात हत्ती आहे असं कोणी म्हटलं आणि हत्ती दिसला नाही, तर नाहीच, कारण असता तर दिसलाच असता. पण ज्याचा माग राहील असा दावाच कोणी केलेला नाही, त्याचा माग न सापडल्याने काही ठरत नाही. म्हणून भांडण नेमक्या दाव्यावर करायचं. "अंगाऱ्याने साप उतरतो", "नवसाने बायपास टळते", असे दावे माग सोडणारे असतात. ते तपासता येतात, आणि जीव वाचवण्यासाठी तपासलेच पाहिजेत. "मला नामात समाधान मिळतं" हा दावा तुमच्याबद्दलचा आहे. त्याला मुगाची साक्ष लागत नाही आणि नातवाची परवानगीही. हरिपाठ तुम्ही चाळीस वर्षं मोडांसाठी म्हणत नव्हता, मग तीन दिवसांच्या मोजणीवर तो टांगणीला का लावायचा?

अबोला सोडायचा मार्ग म्हणून प्रयोग जरूर करा. मणी आणायला नातवालाच बाजारात पाठवा. सुरू करण्यापूर्वी एका कागदावर दोघांनी एकेक वाक्य लिहा: निकाल असा आला तर मी काय मान्य करीन, तसा आला तर काय. लिहायला बसलात की कळेल, दोघांनाही ते वाक्य पुरं करणं जड जातंय. तिथे खरं बोलणं सुरू होईल, मूग भिजायच्या आधीच.

आणि मोजून झालेले मूग फेकू नका, स्वच्छ धुऊन शिजवून घ्या. पण पाचशे मुगांची उसळ चौघांना पुरायची नाही. सूनबाईंना पाव किलो वेगळे भिजत घालायला सांगा, आणि ते कोणी मोजू नका.